धावडशीहून राज्य चालत नव्हते

ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर हे नाव निघाले की पुढचे वाक्य ठरलेले असते: शिवाजी महाराजांना जसे समर्थ, तसे बाजीरावाला ब्रह्मेंद्रस्वामी. बुलढाण्याकडचा माणूस त्याला अभिमानाची आणखी एक पुरवणी जोडू शकतो. स्वामी मूळचे वऱ्हाडातले, राजूर गणपतीजवळच्या दुधेवाडीचे. राजूर आज जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात मोडते. पण देऊळगाव राजा, चिखलीच्या लोकांना अंगारकीचे राजूर परके नाही. तेव्हा सिंदखेड राजाने स्वराज्याला जिजाबाई दिल्या आणि शेजारच्या राजूरने पेशव्याला गुरू दिला, असा हिशेब मांडता येतो. हिशेब सुखावणारा आहे, पण स्वामींच्याच दप्तरातले कागद त्याला आधार देत नाहीत.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. दुबळा करून मांडलेल्या मताचे खंडन करण्यात काही पुरुषार्थ नाही.

विष्णू नावाचा हा मुलगा 1649च्या सुमारास जन्मला. तो काशीला गेला आणि ज्ञानेंद्र सरस्वतींकडून संन्यास घेऊन ब्रह्मेंद्र झाला. फिरत फिरत तो कोकणात उतरला आणि चिपळूणजवळ परशुरामाच्या रानात तप करू लागला. त्याच मुलुखात बाळाजी विश्वनाथ भट नोकरीत होता. दोघांची ओळख तिथली. पुढे बाळाजी साताऱ्यास शाहू महाराजांकडे वर चढला आणि नोव्हेंबर 1713 मध्ये पेशवा झाला. त्यात स्वामींच्या शब्दाचा वाटा होता, असे हे मत मानणारे सांगतात. 1727च्या महाशिवरात्रीला अंजनवेल-गोवळकोटचा अंमलदार सिद्दी सात याने परशुरामाचे देवस्थान लुटले. स्वामींनी कोकण सोडले आणि ते साताऱ्याजवळ धावडशीला येऊन राहिले. सिद्दीचा सूड घ्या म्हणून त्यांनी शाहू महाराजांपासून आंग्र्यांपर्यंत सर्वांच्या मागे लकडा लावला. मग 1733ची जंजिऱ्याची मोहीम झाली. एप्रिल 1736 मध्ये बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पा याने रेवसजवळच्या लढाईत खुद्द सिद्दी सातला मारले. आणि मे 1739 मध्ये वसई पडली. या दोन्ही विजयांची वर्दी चिमाजीने स्वामींना दिली. पत्रांत बाजीराव, चिमाजी, नानासाहेब सारे स्वामींच्या चरणी मस्तक ठेवतात. इतके असताना हा राजगुरू नव्हे तर कोण?

ही पत्रे ग्रँट डफच्याही हाताशी आली होती. 1826च्या आपल्या इतिहासात त्याने त्यांचा उपयोग केला आहे. पण मराठी वाचकांपुढे ती भक्तिभावाने आणली दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी. त्यांनी स्वामींचे चरित्र आणि पत्रव्यवहार एकत्र छापला आणि तेव्हापासून वरचे मत रूढ झाले. त्यावर तुटून पडले ते इतिहासाचार्य राजवाडे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या तिसऱ्या खंडात त्यांनी स्वामींची अशी झडती घेतली की गुरुपद राहिले बाजूला, मागे उरला एक व्याजखाऊ, मानी, कारस्थानी संन्यासी. आज व्याख्यानांत पारसनीस बोलतात आणि अभ्यासकांच्या बैठकीत राजवाडे. पहिल्या मताचा पसारा मोठा, म्हणून आधी ते घेतो.

जंजिऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण पूर्वपक्षाचा सगळा भार तिथे आहे. परशुरामावर घाला पडला 1727 मध्ये आणि मोहीम निघाली 1733 मध्ये. मधल्या सहा वर्षांत बाजीराव रिकामा बसला नव्हता. फेब्रुवारी 1728 मध्ये त्याने पालखेडला निजामाला कोंडीत पकडले, एप्रिल 1731 मध्ये डभईला सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांशी लढाई केली. माळवा, बुंदेलखंड, गुजरात ही सगळी प्रकरणे याच काळातली. गुरूच्या देवस्थानाचा अपमान हे पेशव्याच्या धोरणाचे पहिले कलम असते तर ते सहा वर्षे असे मागे पडले नसते. 1733 मध्येच मोहीम का निघाली, याचे उत्तर धावडशीत सापडणार नाही. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत जंजिऱ्याचा सिद्दी रसूल वारला, वारसांत भांडणे लागली आणि त्यांतला एक गट मराठ्यांना येऊन मिळाला. किल्ल्याचे दार आतून किलकिले झाले, तेव्हा बाजीराव धावला.

आणि मोहिमेचा शेवट कसा झाला? जूनमध्ये रायगड हाती आला, पण तो शाहू महाराजांच्या प्रतिनिधीने घेतला. त्यावरून पेशवा आणि प्रतिनिधी यांच्यात धुसफूस झाली ती निराळी. ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रे वारला आणि आरमाराचा आधार गेला. इंग्रज सिद्दीला रसद पोचवत होते. डिसेंबरात बाजीरावाने वारसांपैकी अब्दुल रहमानला सिद्दी म्हणून मान्य करून तह केला आणि तो परत फिरला. अंजनवेल आणि गोवळकोट सिद्दीकडेच राहिले. ज्या ठाण्यातून निघून सिद्दी सातने परशुराम लुटला, नेमके तेच ठाणे पेशव्याने सोडून दिले! गुरूची आज्ञा म्हणून लढलेल्या लढाईचा हा शेवट म्हणायचा तर शिष्य फारच हिशेबी होता असे म्हणावे लागेल.

सिद्दी सात पुढे मेला, हे खरे. पण 1736 मध्ये तो उत्तर कोकणात चालून आला होता, मानाजी आंग्र्याचा मुलूख धोक्यात होता, म्हणून चिमाजी आप्पाला धावावे लागले. स्वामींना त्या बातमीने आनंद झाला, शाहू महाराजांनाही झाला. आनंद होणे निराळे आणि लढाई ठरवणे निराळे. अंजनवेल-गोवळकोट अखेर सिद्दीकडून सुटले ते जानेवारी 1745 मध्ये, म्हणजे परशुरामावरच्या घाल्यानंतर अठरा वर्षांनी. तेही पेशव्याने नव्हे, तर तुळाजी आंग्र्याने घेतले. त्याच तुळाजीने, ज्याला 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून बुडवले. स्वामी त्याच 1745 सालच्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या हयातीतली सर्वांत मोठी मागणी पेशव्यांच्या दौलतीबाहेरच्या माणसाने पुरी केली, एवढ्या एका गोष्टीवरून राजगुरुपदाचा निकाल लागायला हरकत नव्हती.

वसईची बाजू आणखी कच्ची आहे. चिमाजीने स्वामींना सुरुंगांचा, हल्ल्यांचा, पडलेल्या माणसांचा वृत्तांत कळवला, म्हणून मोहीम स्वामींच्या प्रेरणेने झाली, हा युक्तिवाद किती उलटा आहे ते पाहा. विजयाची बातमी ज्याला कळवतो तो विजयाचा कर्ता कसा होईल? अशी पत्रे बड्या घरांना, देवस्थानांना, सोयऱ्यांना जातच असत. वसईमागची कारणे कोकणातच उघड दिसतात. साष्टीची कसदार जमीन आणि तिचा वसूल, ठाण्याला फिरंग्यांनी बांधायला घेतलेला किल्ला, हिंदूंच्या धर्मकृत्यांवरची बंदी, आणि ही गाऱ्हाणी घेऊन पुण्याच्या वाऱ्या करणारे अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांची भावंडे. 1737 मध्ये ठाणे पडले ते या माणसांनी वाटा दाखवल्या म्हणून. ‘वसईचे प्रेरक’ हा मान द्यायचाच असेल तर तो अंजूरकरांच्या घरात द्यावा.

आता या पत्रांतून काढल्या जाणाऱ्या सर्वांत मोठ्या निष्कर्षाकडे येऊ. स्वामींनी बाजीरावाला हिंदुपदपातशाहीचा मंत्र दिला म्हणतात. मंत्र देणाऱ्याचे स्वतःचे वर्तन काय होते? परशुरामाच्या देवस्थानाला पेढे आणि आंबडस ही गावे दिली ती जंजिऱ्याच्या सिद्दीने! स्वामींचा भक्तपरिवार मराठे, आंग्रे आणि हबशी असा तिन्हीकडे पसरला होता. सिद्दी साताशी झालेल्या वितुष्टाचे मूळही धर्मयुद्धात नाही, एका हत्तीत आहे. स्वामी कर्नाटकात गेले असताना सावनूरच्या नबाबाकडून सिद्दी सातासाठी हत्ती मिळाला. तो कोकणात येताना आंग्र्यांच्या माणसांनी पकडला. सिद्दीला वाटले, यात स्वामींचेच अंग आहे, आणि तो परशुरामावर चालून गेला. देवस्थानाचा अपमान झाला, स्वामींचा संताप रास्त होता, याबद्दल वाद नाही. पण जो संन्यासी नबाबाचा हत्ती सिद्दीकडे पाठवत होता, त्याच्या तोंडी पुढच्या शतकांची घोषणा घालणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

आणि बाजीराव तरी? आमच्या जिल्ह्यात सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. ऑक्टोबर 1724 मध्ये तिथे निजामाने मोगल सुभेदार मुबारिजखानाला मारले आणि दक्षिणेत आपले स्वतंत्र आसन पक्के केले. विजयाची आठवण म्हणून गावाला फत्तेखेडा हे नाव दिले. त्या वेळी निजामाच्या बाजूने मराठी फौज होती, बाजीराव होता, आणि निजामाने त्याला मानमरातबही दिले. हैदराबादची दौलत ज्या रणावर उभी राहिली तिथे बाजीराव तिच्या मदतीला होता, आणि चार वर्षांनी पालखेडला त्याच निजामाच्या गळ्याशी. हे राजकारण आहे, उत्तम राजकारण आहे. पण ते कुणाच्या उपदेशाबरहुकूम चाललेले दिसत नाही. साखरखेर्ड्याहून राजूर फार लांब नाही. एकाच टापूतली ही दोन गावे, पण अभिमानाच्या यादीत राजूर येते आणि साखरखेर्डा गळते, कारण ते गोष्टीत बसत नाही.

पत्रांच्या मायन्याचा मुद्दा झटपट संपवतो. चरणांवर मस्तक, अपत्यभाव, आशीर्वादाची याचना हे सारे त्या काळी संन्याशाला लिहिण्याच्या रीतीचे भाग होते. कारकुनाच्या हाताला ते वळण बसलेले असे. त्यावरून आज्ञा कुणाची चाले हे ठरवायचे तर त्या शतकातल्या अर्ध्या मठांनी राज्य चालवले असे म्हणावे लागेल. त्याहून घातक अडचण तारखांची आहे. अठराव्या शतकातल्या खासगी पत्रांवर तिथी असते, महिना असतो, शक बहुधा नसतो. पत्र मोहिमेच्या आधीचे की नंतरचे, हे पुष्कळदा संपादकाच्या अंदाजावर ठरते. संपादक भक्त असला की पत्र आधी सरकते आणि उपदेश होते. तो तसा नसला की मागे सरकते आणि अभिनंदन होते.

संन्याशाने राज्य चालवल्याचा पुरावा कसा असतो, हे पाहायचे असेल तर सतराव्या शतकातल्या फ्रान्सकडे पाहावे. कार्डिनल रिशल्यूच्या पाठीशी फादर जोसेफ नावाचा कापुचिन साधू होता. तो नुसते आशीर्वाद देत नव्हता. 1630 मध्ये रेगेन्सबुर्गला जर्मन राजांच्या सभेत तो फ्रान्सचा वकील म्हणून बसला होता, तहाच्या मसुद्यावर त्याचा हात होता, आणि तो मसुदा पॅरिसला पसंत पडला नाही हीसुद्धा नोंद आहे. वकिली, सूचनापत्रे, मसुदे, परराष्ट्रांच्या दूतांची बातमीपत्रे अशी त्याच्या सत्तेची साक्ष चहूबाजूंनी मिळते. ब्रह्मेंद्रस्वामींच्या बाबतीत निजामाशी झालेल्या दुराहाच्या तहात, माळव्याच्या वाटाघाटीत, शाहू महाराजांच्या दरबारी बाजीराव-प्रतिनिधी वादात यांतले काय दाखवता येते? दाखवतात ती फिरून धावडशीचीच पत्रे.

संताला राजकारणाचा कर्ता ठरवण्याचा हा मोह आपल्या अंगवळणी पडला आहे. शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीत लोकमान्यांची कथा आहे: 1908ची अकोल्याची शिवजयंती, महाराजांची उपस्थिती, आणि पुढे मुंबईत टिळकांना पोचवलेली प्रसादाची भाकरी. वऱ्हाडातला भाविक ती डोळे भरून वाचतो आणि त्याने वाचावीच. पण टिळकांचे राजकारण शेगावहून ठरत होते असे कोणताही शहाणा भाविक म्हणत नाही. टिळक आपल्या इतके जवळचे आहेत की तिथे विवेक आपोआप राहतो. बाजीराव जवळजवळ तीन शतके दूर गेला म्हणून तिथे विवेक सुटावा, याला कारण नाही.

इथवर वाचून राजवाड्यांचे चाहते खूश झाले असतील. त्यांनाही फार वेळ खूश राहू देण्याचा विचार नाही.

स्वामी पैसे देत असत, व्याज घेत असत, थकले की कडक लिहीत असत. पत्रांत देणीघेणी आहेत, वस्तूंच्या मागण्या आहेत, पोच न मिळाल्याचे रुसवे आहेत. हे सगळे खरे. पण त्यावरून ‘सावकार’ हा शिक्का मारून मोकळे होणे म्हणजे अठराव्या शतकातला पैसा कसा फिरत होता याकडे डोळेझाक करणे आहे. मठ, देवस्थाने, गोसावी यांच्याकडे दानाचा पैसा साठे आणि तो व्याजी लागे. गोसाव्यांच्या पेढ्या तर पुढे पुण्यात नावाजलेल्या होत्या. स्वामींचा पैसा देवळे, विहिरी, तळी अशा बांधकामांतही गेला. संन्याशाला व्याज शोभते का, हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर प्रतिकूल येईल, याला माझी ना नाही. इतिहासाला मात्र निराळे विचारायचे आहे: पेशव्याला या संन्याशाकडून पैसे घ्यायची पाळी का आली?

याचे उत्तर मराठी फौजेच्या घडणीत आहे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन येणार. पण दसऱ्याला मोहीम निघायची तर त्याच्या हातावर आधी नालबंदी, म्हणजे आगाऊ रक्कम, ठेवावी लागणार. मुलखाचा वसूल येणार नंतर, आणि चौथाईचा पैसा तर जिंकून, तह करून, तगादे लावून मग कधीतरी. मधले महिने सावकाराच्या जिवावर काढायचे. जानेवारी 1738 मध्ये भोपाळजवळ कोंडलेल्या निजामाने दुराहाच्या तहात बादशहाकडून 50 लाख रुपये मिळवून देण्याचे कबूल केले. कबुली कागदावर राहिली, फौजेचा खर्च मात्र रोकडीत झाला होता. विजय जितका दूरचा तितके कर्ज मोठे, असा हा पेच होता. अटकेच्या गप्पा मारणाऱ्यांनी या नालबंदीचा हिशेब कधीतरी करून पाहावा.

बाजीरावाचे ते प्रसिद्ध पत्र या पेचातून आले आहे. कर्जाच्या नरकात पडलो आहे, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी झिजली, अशा आशयाचे ते पत्र ग्रँट डफने इंग्रजीत आणले आणि तेव्हापासून ते पिढ्यानपिढ्या उद्धृत होत आले आहे. भक्त त्यात गुरूपुढचे आर्त निवेदन वाचतात. राजवाडेपंथी त्यात ऋणकोची कबुली वाचतात. मला ते दोघांचेही वाचन अर्धे वाटते. पत्र ज्याला लिहिले तो स्वतः एक धनको होता. म्हणजे पाया पडून कातडी झिजवणारा हा माणूस ज्यांच्या पाया पडतो आहे त्यांतल्याच एकाला गाऱ्हाणे सांगतो आहे. हे आर्जव आहे, मुदतीची मागणी आहे, आणि ‘तुम्हीही त्यांच्यातलेच होऊ नका’ असा सूक्ष्म टोलाही आहे. मनातली कळ आणि व्यवहारातला डाव एकाच वाक्यात असणे हे काही ढोंग नव्हे. कर्जदाराची भाषा अशीच असते, मग तो शेतकरी असो की पेशवा.

पण असे लिहायला दुसरा माणूस तरी कोण होता? शाहू महाराजांना लिहावे तर प्रतिनिधी टपलेला, पेशव्याची मसलत दिवाळखोर आहे हेच सिद्ध झाले असते. चिमाजीला लिहिण्यात अर्थ नव्हता. तो त्याच कर्जात बुडालेला. सरदारांपुढे पेशव्याने दैन्य दाखवावे तर उद्या फौज फुटायची. स्वामी दरबारी नव्हते, सरंजामदार नव्हते, कुणाच्या वारसाहक्काच्या आड येत नव्हते. बाळाजी विश्वनाथाला तो कोणी नव्हता तेव्हापासून ओळखणारा हा वृद्ध. बाजीराव त्यांना नातवाच्या वयाचा. शाहू महाराजांकडे, त्यांच्या राण्यांकडे, आंग्र्यांच्या घरात, पेशव्यांच्या देवघरात त्यांना सारखाच मुक्त वावर. त्यामुळे धावडशीला सांगितलेली गोष्ट साताऱ्याच्या वाड्यात पोचणारच, आणि अर्ज न करता पोचणार. ही सोय बाजीरावाने ओळखली नसेल असे मानणे हे त्याच्या बुद्धीला कमी लेखणे होईल.

कान्होजी आंग्रे आणि बाळाजी विश्वनाथ यांचा 1714चा समेट या नजरेने पाहावा. तो घडवला बाळाजीच्या मुत्सद्देगिरीने आणि कान्होजीच्या गरजेने. पण दोन्ही घरे एकाच संन्याशाला मानत होती, म्हणून बोलणे लावायला वाट होती. एवढे श्रेय स्वामींना मोकळेपणाने द्यावे. बाळाजीला त्यांनी पेशवा केला हे मात्र नाही. 1711 ते 1713 या पडत्या काळात, सेनापती चंद्रसेन जाधवही शाहू महाराजांना सोडून गेला तेव्हा, बाळाजीने फौज उभी करून पक्ष सावरला. ती पुण्याई त्याची स्वतःची.

जे लोक स्वामींना राजगुरू म्हणतात ते त्यांच्याकडून राज्यकर्त्याचे काम मागतात, आणि त्या कामात ते उणे ठरतात. गोवळकोट त्याला साक्ष आहे. राजवाडे त्यांच्याकडून समर्थांचे वैराग्य मागतात आणि तिथेही ते उणे ठरतात. पत्रांत जो माणूस दिसतो तो तापट आहे, हिशेबाला पक्का आहे, दर श्रावणात महिनाभर समाधी लावून बसतो आणि उठल्यावर थकबाकीची चौकशी करतो. त्याने बाजीरावाला दिशा दाखवली नाही. बाजीरावाला ती मागायचीही नव्हती. त्याने त्याला पैसे दिले, तगादे दिले, आणि दरबाराबाहेर बोलायला एक जागा दिली. उत्तरेकडच्या मोहिमांना यांतली पहिली गोष्ट तर अगदी रोकडीने उपयोगी पडली असणार. पारसनीसांच्या पुस्तकातली आणि राजवाड्यांच्या खंडातली पत्रे आता कुणीतरी जमाखर्चाच्या कागदांशेजारी ठेवून, माणसागणिक आणि वर्षागणिक लावून पुन्हा छापावीत. त्यांत गुरुवचने फार थोडी निघतील. बाजीरावाच्या घोडदळाचे पोट कसे भरत होते हे मात्र वाचायला मिळेल.